ओल्या कातळावर आम्हाला चढवलेत, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
साहसी सहली विभाग, बेळगाव

विषय: बदामीच्या प्रस्तरारोहण सहलीतील निष्काळजीपणा, भरलेली रक्कम व दवाखान्याचा खर्च परत मिळणेबाबत.

महोदय,

गणपती विसर्जनानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही मित्रमैत्रिणी तुमच्या कंपनीतर्फे बेळगावहून बदामीला गेलो होतो. बुकिंग माझ्या नावावर होते म्हणून पत्र मी लिहिते आहे, पण मजकूर आम्ही सर्वांनी एकत्र बसून ठरवला आहे.

परताव्यासाठी फोन केला तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने "पाऊस पडला, त्याला कंपनी काय करणार?" एवढेच सांगून विषय संपवला. पाऊस पडला याबद्दल आमची तक्रारच नाही. पाऊस पडून गेल्यावर तुमच्या माणसांनी जे केले त्याबद्दल आहे.

शुक्रवारी रात्री यरगट्टी सोडल्यापासून जो पाऊस लागला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही. सकाळी कातळाखाली पोहोचलो तेव्हा ऊन आले होते आणि दगड वरून सुकलेला दिसत होता. पण पायथ्याची माती बोटाने उकरली तर चिखल लागत होता आणि भेगांतून पाणी झिरपत होते. मी तुमच्या मुख्य प्रशिक्षकांना हे दाखवले आणि आज चढाई नको असे स्पष्ट सांगितले. "मॅडम, इथं रोजचंच आहे" असे म्हणून त्यांनी दोर लावायला घेतला.

हे मी ऐकीव माहितीवर बोलत नव्हते. मी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. तिथून एल्ब नदीच्या काठाने लोकलने थोडे गेले की सॅक्सन स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ भाग लागतो. तिथे वालुकाश्माचे हजाराहून अधिक सुटे सुळके आहेत आणि लोक त्यांवर १८६४ पासून चढत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी वर्गातल्या मित्रांबरोबर मीही तिथे जाते. ओल्या दगडावर चढायचे नाही, हा तिथला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला दुसरे चढणारेच खाली उतरवतात. वालुकाश्मात पाणी मुरले की वाळूच्या कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. वरचा थर उन्हाने लवकर सुकतो, आतला ओलावा मात्र दिवस-दोन दिवस टिकतो. बदामीचा दगड एल्बकाठच्या दगडापेक्षा कितीतरी जुना आणि घट्ट आहे, हे मला मान्य आहे. तरीही त्याला सुटलेले पापुद्रे आहेत, आणि पावसानंतर तेच आधी निघतात.

नेमके तेच झाले. माझी खानापूरची मैत्रीण बरीच वर गेली असताना तिच्या उजव्या हातातला पापुद्रा निघाला. ती बाजूला झोका खाऊन कातळावर आपटली. दोर धरणाऱ्या मदतनिसाच्या एका हातात मोबाईल होता, त्यामुळे ती हवी त्यापेक्षा बरीच खाली आली. निघालेला विटेएवढा तुकडा आमच्यात येऊन पडला. तिथे उभ्या असलेल्यांपैकी निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, कारण तुम्ही माणसांपेक्षा कमी हेल्मेट आणली होती. तो दगड कुणाच्या डोक्यात बसला असता तर हे पत्र आमच्या घरच्यांना लिहावे लागले असते.

तिला खाली घेतल्यावर मी वरचा अँकर, म्हणजे दोर जिथे अडकवतात तो आधार, पाहून आले. सगळा भार कातळात बसवलेल्या एकाच बोल्टवर आणि एकाच कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) होता. दोन स्वतंत्र बोल्ट, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरेल, ही नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची गोष्ट आहे. दोराचे वरचे आवरण एका ठिकाणी इतके झिजले होते की आतला पांढरा गाभा दिसत होता. असा दोर त्याच क्षणी बाद करायचा असतो. चढण्यापूर्वी एकमेकांचे हार्नेसचे (कमरेला बांधायच्या पट्ट्याचे) बक्कल, गाठ आणि कॅराबिनरचे लॉक तपासून घेणे, हे तर कुणालाच सांगितले गेले नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्ट्यांशिवाय काही नव्हते. मैत्रिणीचा हात आम्ही ओढणीने बांधला. बेळगावला एक्स-रे काढल्यावर मनगटाचे हाड मोडल्याचे कळले. ती शाळेत शिकवते. फळ्यावर लिहायचा हात आज प्लास्टरमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी चढाई रद्द करून तुम्ही आम्हाला लेणी दाखवलीत आणि आता "दुसरा दिवस भरून दिला" असे म्हणता. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे, ती लेणी कुणीही तिकीट काढून पाहू शकते. आम्ही पैसे प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीसाठी भरले होते. आमच्यातला एकजण उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करतो. जादा पाळ्या करून त्याने ही रक्कम जमवली होती.

निघण्यापूर्वी बसमध्ये अंधारात आमच्याकडून घाईघाईने सही घेतलेल्या फॉर्मचा तुम्ही दाखला देता. जोखीम आम्ही स्वीकारली ती चढाईची. झिजलेल्या दोराची आणि मोबाईलवर बोलणाऱ्या मदतनिसाची नव्हे.

सर्वांची पूर्ण रक्कम आणि मैत्रिणीचा दवाखान्याचा खर्च पंधरा दिवसांत परत करावा. तो दोर वापरातून काढल्याचे आणि वरचा अँकर दोन बोल्टचा केल्याचे छायाचित्रासह लेखी कळवावे. पावसाळ्यातील बदामीच्या चढाईची जाहिरात तुमच्याकडे अजून चालू आहे, ती आजच थांबवा. पुढच्या तुकडीत कॉलेजची मुले आहेत असे तुमच्याच प्रतिनिधीने सांगितले. त्यांच्यासाठी ही मागणी परताव्याहून महत्त्वाची आहे. मुदतीत उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. मी ऑक्टोबरमध्ये परत जाणार असले तरी तक्रार चालवायला बाकीचे सगळे इथेच आहेत.

आपली ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव

सोबत: पैसे भरल्याची पावती, दोर व अँकरची छायाचित्रे, एक्स-रेचा अहवाल, औषधांची बिले, सर्व सहभागींच्या सह्या.