रूप पालटणारे नायक आणि पैठणची श्रुतार्था

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत तरुण मुलींच्या इंग्रजी वाचनाविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ड्रॅगनचे रूप घेणाऱ्या नायकांच्या प्रेमकादंबऱ्यांची यथेच्छ टिंगल करण्यात आली आहे. टिंगलीला माझी हरकत नाही. त्या कादंबऱ्यांत टिंगल करण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र माणूस आणि मनुष्येतर योनी यांचे प्रेम ही पाश्चात्त्य बाजाराने काढलेली टूम असून आपल्या मातीत तिला थारा नाही, हे लेखातील विधान सपशेल चुकीचे आहे, आणि गोदावरीच्या काठावर वाचल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात तर ते यायलाच नको होते.

काश्मीरच्या सोमदेवाने 11व्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त, कथापीठ या पहिल्याच लंबकात, म्हणजे खंडात, ‘बृहत्कथे’चा कर्ता गुणाढ्य आपल्या जन्माची हकिकत सांगतो. स्थळ प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाला वत्स व गुल्मक हे दोन मुलगे आणि श्रुतार्था ही मुलगी होती. आईवडील वारल्यावर भावांच्या आधाराने राहणाऱ्या या अविवाहित बहिणीला दिवस गेले, तेव्हा घरात तिसरा पुरुष येत नसल्यामुळे दोघे भाऊ एकमेकांकडेच संशयाने पाहू लागले. त्यांच्या मनातले ओळखून तिनेच सांगितले, की आपण स्नानाला जात असताना नागराज वासुकीचा पुतण्या कीर्तिसेन याने आपल्याला पाहिले आणि स्वतःचे कुळ व नाव सांगून गांधर्व विधीने आपल्याशी विवाह केला. यावर विश्वास कसा ठेवायचा, असे भावांनी विचारताच तिने मनोमन त्याचे स्मरण केले आणि तो तेथे येऊन उभा राहिला. हा सारा प्रसंग मोजक्या श्लोकांत उरकलेला आहे, पण त्या घरातली कोंडी आजच्या कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे.

सातवाहन राजाच्या जन्माची कथाही त्याच तरंगात, म्हणजे प्रकरणात, येते. सात नावाच्या यक्षाने गंगेत स्नान करणाऱ्या ऋषिकन्येवर प्रेम केले, दोघांनी विवाह केला आणि तिच्या नातलगांच्या शापाने दोघेही सिंह व सिंहीण झाले. मूल जन्मताच सिंहीण शापमुक्त होऊन गेली; उरलेला सिंह मुलाला पाठीवर घेऊन रानात फिरत राहिला. एकदा मुलाला खाली उतरवून तो तळ्याकडे पाणी प्यायला निघाला असता द्वीपिकर्णी राजाच्या बाणाने त्याचे मूळ यक्षरूप त्याला परत मिळाले. रूप पालटणारा नायक म्हणतात तो यापेक्षा निराळा काय असतो?

महाभारतातील नागकन्या उलूपी आणि राक्षसी हिडिंबा यांची आठवण तर कोणालाही होईल. युरोपातही ही गोष्ट आजची नाही: 14व्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या मेल्युसीन नावाच्या परीच्या फ्रेंच आख्यायिकेत पती दर शनिवारी तिला न पाहण्याचे वचन मोडतो आणि ती सर्पदेह धारण करून उडून जाते. जपानच्या प्राचीन ग्रंथांतील समुद्रदेवाची कन्या तोयोतामा हिलाही प्रसूतीच्या वेळी मूळ मनुष्येतर रूपात नवऱ्याने चोरून पाहिले, म्हणून ती मूल मागे ठेवून समुद्रात निघून गेली.

यांपैकी बहुतेक कथांमध्ये जे समान आहे, त्याकडे लेखकमहाशयांचे लक्ष गेले असते तर आजच्या कादंबऱ्यांचे खरे वेगळेपण त्यांना दिसले असते. जुन्या कथांत स्त्री बहुधा टिकत नाही. श्रुतार्था ही मुळात शापाने पृथ्वीवर आलेली अप्सरा; मुलगा गुणाढ्य याचा जन्म होताच ती शापमुक्त होते, म्हणजे साध्या भाषेत मरते; सिंहिणीचेही तेच होते; मेल्युसीन आणि तोयोतामा निघून जातात. कथेला हवा असतो तो मुलगा, राजवंश किंवा ग्रंथकार. याउलट आजच्या प्रेमकादंबरीचा पहिला नियमच सुखान्ताचा आहे. नायक ड्रॅगन असो, नायिका चेटकीण, अग्निपक्षी किंवा साधी ग्रंथपाल असो, ती शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहते, बोलते आणि बहुधा अर्धी कथा स्वतःच्या तोंडून सांगते. या पुस्तकांच्या वाचकांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, याचे मला तरी नवल वाटत नाही.

दोष काढायचाच असेल तर तो दुसरीकडे आहे. नियतीने नेमून दिलेला जोडीदार ही या कादंबऱ्यांतील अतिवापराने गुळगुळीत झालेली युक्ती आहे. नायकाला नुसत्या गंधावरून कळते की हीच आपली, आणि मग तिचा होकार जवळजवळ औपचारिक ठरतो. उलूपीने अर्जुनाला पाण्यात ओढून नेले हे खरे, पण तिथे पोचल्यावर तिला युक्तिवाद करावा लागला. तो ब्रह्मचर्यव्रताची अडचण सांगतो. ते व्रत केवळ द्रौपदीपुरते असून आर्ताचे रक्षण हाही धर्मच आहे, असे ती त्याला पटवते. भीमाला मागताना हिडिंबेलाही कुंतीपुढे उभे राहावे लागले, आणि मुलगा होईपर्यंतच हा सहवास राहील, अशी अट घालण्यात आली. प्रेमात पडलेल्यांना एकमेकांशी बोलावे लागते, ही जाण व्यासांच्या ग्रंथात आहे आणि अनेक ड्रॅगनकथांत नाही, अशी टीका लेखात असती तर मी तिचे स्वागत केले असते.

श्रुतार्थेच्या बाजूने तिची कथा सांगणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. आपल्या पुरवणीला ड्रॅगनचा एवढा तिटकारा असेल, तर दिवाळी अंकासाठी एखाद्या लेखिकेकडून ती लिहवून घ्यावी, आणि त्यात श्रुतार्थेला प्रसूतीनंतरही जगू द्यावे, अशी विनंती.

आपला,
एक वाचक,
छत्रपती संभाजीनगर