सदतीसच्या आकड्याने आमदारकी वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात फुटीर आमदारांच्या बातमीला जोडून आपण कायद्याची चौकट छापली आहे. तिच्यातले पहिलेच वाक्य असे : दोन तृतीयांश आमदार बाहेर पडले की पक्षांतरबंदी लागू होत नाही. हे वाक्य चूक आहे. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन बाहेर पडले, तेव्हापासून हीच चूक कानावर पडते आहे आणि आता ती आपल्या पहिल्या पानावर आली, म्हणून हे पत्र.

मूळ कायद्यात फुटीला मुभा होती, हे खरे. १९८५ साली राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, आले तेव्हा त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक तृतीयांश आमदारांची फूट मान्य होती. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा सारा हिशोब त्याच परिच्छेदाचा होता. सेनेचे आमदार ५२, त्याचे एक तृतीयांश म्हणजे सतरा आणि वर थोडे, म्हणून अठरा डोकी हवीत. मात्र २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने हा तिसरा परिच्छेदच काढून टाकला. तेव्हापासून ‘आमच्या पक्षात फूट पडली’ हा बचावच कायद्यात उरलेला नाही. फुटणारे एक तृतीयांश असोत, दोन तृतीयांश असोत की दहातले नऊ असोत.

दोन तृतीयांश हा आकडा आहे चौथ्या परिच्छेदात, आणि तो परिच्छेद विलीनीकरणाचा आहे. मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला पाहिजे आणि विधिमंडळ पक्षाच्या, म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांच्या गटाच्या, किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती दिली पाहिजे. मूळ पक्ष खरोखर विलीन व्हायला हवा, की आमदारांच्या दोन तृतीयांश संमतीवरूनच तसे मानून घ्यायचे, यावर वाद आहे. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचे सांगितले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते ग्राह्य धरले. मला तो अर्थ पटत नाही, पण तिथे निदान विलीनीकरण केल्याचे सांगितले तरी गेले होते. नुसते वेगळे बसणे, वेगळा गटनेता निवडणे, राज्यपालांना सह्यांचे पत्र देणे, यातले काहीही चौथ्या परिच्छेदात बसत नाही.

आता सदतीसचे. एकनाथ शिंदे आमच्या शेजारच्या कोपरी-पाचपाखाडीचे आमदार, त्यामुळे ठाण्यात त्या दिवसांत हा आकडा पोराटोरांना पाठ होता. २०१९ ला निवडून आलेले ५६, एकाचे निधन झाल्याने उरलेले ५५, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. सुरतेत किती पोहोचले, गुवाहाटीत किती उतरले, हे आपणही रोज मोजून छापत होता. प्रत्यक्षात शिंदे गटाने विलीनीकरणाचा दावा कधीच केला नाही. आम्हीच मूळ शिवसेना, असा त्यांचा दावा होता. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी निकाल दिला तोही याच दाव्यावर. त्या गटाची आमदारकी टिकली ती खरा पक्ष कोणता या प्रश्नावर. तिथे आमदारांचे बहुमत विचारात घेतले गेले, पण चौथ्या परिच्छेदातल्या सदतीसचा काही संबंध नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात हे स्पष्ट लिहिले होते. तिसरा परिच्छेद गेल्यामुळे फुटीचा बचाव मिळणार नाही. प्रतोद (आमदारांवर पक्षाचा आदेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, म्हणून भरत गोगावले यांच्या प्रतोदपदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चूक, पण उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. हा निकाल येऊनही आपली चौकट २०२२ च्या जूनमध्येच थांबली आहे.

खरा प्रश्न आहे तो निर्णय कोण देतो आणि कधी देतो, हा. त्याबद्दल आपल्या चौकटीत एक ओळ नाही.

याच प्रकरणातल्या तारखा पाहा. शिंदे गटातल्या सोळा आमदारांविरुद्धच्या अपात्रता याचिकांवर तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी २५ जून २०२२ रोजी नोटिसा काढल्या आणि २७ जूनच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर मागितले. महाराष्ट्र विधानसभेच्या १९८६ च्या नियमांत उत्तरासाठी सात दिवस आहेत. आमदार गुवाहाटीत, आणि हातात जेमतेम दोन दिवस. या घाईनेच समोरच्यांना सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडून दिले. न्यायालयाने २७ जूनलाच मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. त्या मधल्या दिवसांत २९ जूनला मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला, ३० जूनला नवा शपथविधी झाला, ३ जुलैला नवे अध्यक्ष निवडले गेले आणि ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठरावही झाला. म्हणजे ज्यांच्या अपात्रतेचा निर्णय व्हायचा होता, त्यांच्या मतांवर निवडून आलेल्या अध्यक्षांकडेच तो निर्णय गेला. सात दिवस पहिल्याच नोटिशीत दिले असते, तर निदान ‘बाजू मांडायला वेळ मिळाला नाही’ ही तक्रार उभी राहिली नसती.

एका टोकाला दोन दिवस, तर दुसऱ्या टोकाला काय? पुढचे दहा महिने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, अध्यक्षांनी थांबावे असे न्यायालयानेच सांगितले होते, त्यामुळे तो काळ अध्यक्षांच्या माथी मारता येणार नाही. पण ११ मे २०२३ ला ‘वाजवी मुदतीत’ निर्णय घ्या असे सांगितल्यावरही सप्टेंबरपर्यंत प्रकरण फारसे पुढे सरकेना. तेव्हा न्यायालयाने फटकारले, मग ३१ डिसेंबरची तारीख ठरवून दिली, ती पुढे १० जानेवारी झाली. बंडाच्या दिवसापासून, म्हणजे २१ जून २०२२ पासून, मोजले तर ५६८ दिवस होतात. त्या निकालाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात असतानाच विधानसभेची मुदत संपली आणि २० नोव्हेंबर २०२४ ला नव्या सभागृहासाठी मतदानही झाले. आमदार अपात्र की पात्र, याचा अखेरचा निवाडा आमदारकी संपेपर्यंत झालाच नाही. मला याचा मनापासून संताप येतो. आपण मात्र वाचकाला सदतीस मोजायला लावता.

मणिपूरच्या प्रकरणात २०२० सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की अपवादात्मक कारण नसेल तर अध्यक्षांनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा. तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीच्या दहा आमदारांबाबत ३१ जुलै २०२५ रोजी पुन्हा तीन महिन्यांचीच मुदत घालून द्यावी लागली. तेव्हा पुढच्या वेळी बातमीत याचिका दाखल झाल्याची तारीख छापा आणि तिच्यापासून तीन महिने कधी पुरे होतात ते छापा.

व्हीपच्या, म्हणजे मतदान कसे करावे या पक्षादेशाच्या, बातम्याही अशाच अर्ध्या असतात. ‘व्हीप बजावला’ एवढेच येते. तो कोणी काढला, आमदाराच्या हातात पडला का, सही आणि वेळ घेतली का, नुसताच व्हॉट्सॲपवर गेला का, यावरच पुढे याचिका टिकते किंवा पडते. ठाकरे गटाच्या आमदारांना अपात्र ठरवावे ही शिंदे गटाची मागणी नार्वेकर यांनी फेटाळली, त्याचे मोठे कारण व्हीपची रीतसर बजावणी सिद्ध न होणे हेच होते. आणि व्हीप मोडला की आमदारकी त्याच क्षणी जाते, असेही नाही. मतदानाच्या दिवसापासून पंधरा दिवसांत पक्षाने तो प्रकार माफ केला तर त्या कारणावरून अपात्रता येत नाही. पडद्याआडची मनधरणी बहुतेक याच पंधरा दिवसांत चालते, पण सोळावा दिवस कोणता ते कुठल्याच बातमीत वाचायला मिळत नाही. उलट, व्हीप न मोडताही आमदार अपात्र होऊ शकतो. स्वेच्छेने पक्ष सोडणे हे वेगळे कारण आहे, त्याला लेखी राजीनामा लागत नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येते.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर नगरसेवकांच्या पक्षबदलाची बातमी आहे आणि तिथेही दहाव्या परिशिष्टाचाच दाखला दिला आहे. दहावे परिशिष्ट खासदार-आमदारांसाठी आहे. नगरसेवकांना ते लागूच नाही. त्यांच्यासाठी १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे, आणि महापालिकेच्या नगरसेवकाचा निर्णय विभागीय आयुक्तांकडे जातो. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर या सगळ्यांची गटनोंदणी बेलापूरच्या कोकण भवनात होते ती यासाठीच. उल्हासनगरमधल्या नगरसेवकांच्या आघाडीचा वाद तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जुलै २०२२ मध्ये ठाण्यातले सेनेचे ६७ पैकी ६६ नगरसेवक शिंदे यांच्याकडे गेले, तेव्हाही ‘दोन तृतीयांशांहून कितीतरी जास्त, म्हणून सुरक्षित’ असे सर्रास बोलले गेले. ते माजी नगरसेवक होते. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. जे पद हातात नाही, ते जाणार कसे? ठाण्याच्या वाचकाला निदान ठाण्याची बातमी तरी अचूक मिळावी.

माझी विनंती एवढीच की चौकटीची दुरुस्ती पहिल्याच पानावर, तितक्याच आकारात छापावी, आणि तिच्यात तिसरा परिच्छेद रद्द झाल्याचे वर्ष व चौथ्या परिच्छेदातला ‘विलीनीकरण’ हा शब्द असावा. आतल्या पानाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींनी भागणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)