विंडोज मारण्याआधी वही मागणाऱ्या काकांस

ती. काका यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढून घ्यायला तुम्ही नाशिकरोडला आमच्या स्टुडिओत आलात, तेव्हा आपली काही ओळख नव्हती. तुमचा फोटो मी प्रिंटरला पाठवला आणि त्याच क्षणी संगणकाचा पडदा निळा पडला. मी तुमची माफी मागून थोडे थांबायला सांगितले. दुसऱ्या कुणी घड्याळाकडे पाहिले असते, तुम्ही चष्मा काढून पुसला, काउंटरवरून वाकून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "ताई, हे दिवसातून किती वेळा होतं?" मला त्याचे उत्तर देता आले नाही. सहा महिने त्या दुखण्यामागे आम्ही पैसे ओतले होते, पण ते नेमके किती वेळा आणि केव्हा उद्भवते, हे आमच्यापैकी कुणीही लिहून ठेवले नव्हते.

हे आभाराचे पत्र मी मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. ज्यांच्या दुकानात, कार्यालयात किंवा घरात असाच संगणक मध्येच मान टाकतो आहे, त्यांनाही तुम्ही काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, हे कळावे अशी माझी इच्छा आहे.

आमचे काम तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी लोक घेऊन येतात आणि त्या पेन ड्राइव्हवर उतरवून मागतात, कारण आता घरोघरी टीव्ही आहे पण डीव्हीडी प्लेअर उरलेला नाही. तुळशीच्या लग्नानंतर हे काम वाढते. डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की कधी पूर्ण उतरे, कधी अर्ध्यावर माउस गोठे, आतून डिस्क जोरात फिरून मंदावल्याचा, पुन्हा फिरल्याचा आवाज येई आणि मग निळा पडदा. आधी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्यांनी दोनदा फॉरमॅट करून विंडोज मारून दिली, म्हणजे सगळे पुसून ती नव्याने घातली. एकाने रॅम बदलली. एकाने विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून वीजपुरवठ्याचा दोष ठरवला आणि नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बसवला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे जात आणि दुखणे पुन्हा डोके वर काढी. दोन ग्राहकांच्या डिस्क आम्ही 'उतरत नाहीत' म्हणून परत केल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही देवळाली गावाहून स्कूटरवर आलात, तेव्हा हातात फक्त एक स्क्रूड्रायव्हर होता. मी फॉरमॅटचा विषय काढला, तर तुम्ही साफ नकार दिलात. "आधी लोकांचं सामान बाहेर काढू, मग घराला हात लावू," हे तुमचे शब्द होते. 'चेक डिस्क' चालवू का, असे कामावरच्या मुलाने विचारले, त्यालाही तुम्ही थांबवले. हार्ड डिस्क खरोखरच जात आली असेल तर तासन् तास चालणारी ती तपासणीच तिच्यावर शेवटचा ताण ठरू शकते, म्हणून आधी प्रत काढायची, हे तुम्ही त्याला शांतपणे समजावलेत. मग वीज बंद करून, प्लग काढून, डीव्हीडी ड्राइव्हची पॉवरची आणि डेटाची अशा दोन्ही वायरी सोडवल्या आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळा साठा उतरवायला लावला. ते काम रात्रभर चालले आणि संगणक एकदाही बंद पडला नाही. पहिला धागा तुमच्या हाती तिथेच लागला होता, हे मला नंतर समजले.

त्यानंतर तुम्ही दोनशे पानी वही मागितलीत. ड्राइव्ह पुन्हा जोडून दिला आणि दहा दिवस केवळ नोंदी ठेवायला सांगितल्या: तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, ड्राइव्हमध्ये डिस्क होती की नव्हती, पडद्यावर कोणती अक्षरे होती. ती अक्षरे आम्हाला आजवर वाचताच आली नव्हती, कारण संगणक लगेच आपोआप पुन्हा सुरू होई. सिस्टीमच्या प्रगत सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन आपोआप पुन्हा सुरू होण्याची खूण तुम्ही काढलीत आणि पडदा थांबू लागला. दहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतली एक वीज गेल्याची होती. उरलेल्या दहाही वेळा ड्राइव्हमध्ये डिस्क होती; काही वेळा तर आम्ही ती काढायला विसरून भलतेच काम करत होतो. तुमच्या फोटोच्या वेळीही तसेच झाले होते. पडद्यावरचा शब्दसमूह दहाही वेळा एकच होता, 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', आणि खाली 'एसवायएस'ने संपणारे एकाच फाइलचे नाव.

'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीबद्दल तुम्ही जे सांगितलेत ते इथे मुद्दाम लिहिते, कारण तिच्यापायी आमचा एसएमपीएस फुकट बदलला गेला. संगणक नीट बंद न होता बंद पडला, एवढेच ती नोंद सांगते. वीज गेली, कुणी बटण दाबून धरले किंवा निळा पडदा आला, तरी ती उमटतेच. कारण हवे असेल तर तिच्या आधीच्या काही मिनिटांतल्या नोंदी वाचाव्या लागतात. आमच्याकडे त्या मिनिटांत वारंवार क्रमांक ७ची नोंद होती: सीडी-रॉम उपकरणावर खराब भाग आढळला. म्हणजे डिस्कवर ओरखडे होते आणि ड्राइव्हला तेवढा भाग वाचता येत नव्हता.

मग मी तुम्हाला जो प्रश्न विचारला, त्याच्या उत्तराने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एका ओरखड्याने अख्खा संगणक का बंद पडावा? तुम्ही म्हणालात, "गोदाकाठी बसलेल्याचा पाय घसरला तर तो एकटा भिजतो. पण गंगापूर धरणाच्या दरवाजावर बसलेल्याची चूक झाली तर पाणी दुतोंड्या मारुतीला लागतं." (नाशिककर गोदेच्या पुराची पातळी ज्या मूर्तीवरून मोजतात, ती ही.) आपण वापरतो तो साधा प्रोग्रॅम काठावर बसलेला असतो, तो बिघडला तर तेवढाच बंद होतो. ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण विंडोजशी जोडून चालवणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र विंडोजच्या अगदी गाभ्यात, दरवाजावर बसलेला असतो. त्याने मेमरीच्या नको त्या जागेला नको त्या वेळी हात लावला, तर विंडोज पुढचे नुकसान टाळण्यासाठी स्वतःलाच थांबवते आणि हे थांबणे म्हणजेच निळा पडदा. त्याच दिवसापासून तो पडदा मला शत्रू वाटेनासा झाला.

तरीही तुम्ही लगेच ड्रायव्हरवर आळ घेतला नाही. रविवारी दुकान बंद झाल्यावर तुम्ही स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि साटा केबल, म्हणजे ड्राइव्हची डेटाची वायर, घेऊन आलात. आधी केवळ केबल बदलली. पडदा निळा पडला. मग केबल जुनी ठेवून ड्राइव्ह बदलला, तरी पडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कोणती कारणी लागली ते कळत नाही, हे तुम्ही मुलाला तीनदा सांगितलेत. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ते स्मार्ट आकडेही पाहिलेत: खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, वाचायचे अडलेले सेक्टर शून्य. रॅमची तपासणी आदल्या रात्रीच मेमटेस्ट या प्रोग्रॅमने निर्धोक ठरवली होती.

त्यानंतरचा तासभर मी कधी विसरणार नाही. सिन्नरच्या एका ताईंच्या २००७ सालच्या लग्नाची डीव्हीडी आमच्याकडे पंधरा दिवस पडून होती. त्यांच्या आजीने म्हटलेली मंगलाष्टके त्या डिस्कवर होती आणि त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती. तुम्ही ती डिस्क दिव्याखाली तिरकी धरलीत, ओरखडे पाहिलेत आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसलीत. मी आजवर गोल गोल पुसत आले होते. तसे पुसल्याने डिस्कच्या फेराला धरून ओरखडा पडतो आणि तो ड्राइव्हला जास्त जाचतो, हे मला तेव्हा कळले. मग तुम्ही खिशातून पेन ड्राइव्ह काढलात आणि संगणक विंडोजऐवजी त्यावरच्या लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीने सुरू केलात. संगणक तोच, आमचा जुना ड्राइव्ह तोच, केबल तीच आणि डिस्कही तीच. ओरखड्याच्या जागी ड्राइव्ह अडखळला, तोच ओळखीचा आवाज आला, मी श्वास रोखून धरला. पण काही बंद पडले नाही. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलत गेला आणि मग अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा परतत राहिला. रात्री अकराच्या सुमाराला, बाहेर थंडी पडलेली असताना, त्या आजींचा आवाज आमच्या दुकानात घुमला. मधे दोन ठिकाणी चित्र तुटते, पण मंगलाष्टके सगळी आहेत.

तुम्ही आवाज कमी केलात आणि म्हणालात, "यंत्र निर्दोष आहे. आता विंडोजच्या आत बघायचं." सगळे हार्डवेअर तेच ठेवून केवळ विंडोज बाजूला सारल्यावर दोष नाहीसा होतो, म्हणजे दोष कुठे आहे, हे मला न सांगताही समजले. सहा महिन्यांच्या खर्चाचे उत्तर एका पेन ड्राइव्हने दिले होते.

निळ्या पडद्यावर नाव आलेली फाइल तुम्ही विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये शोधली आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये तारीख दाखवलीत: २००९. आम्ही डिस्क लिहिण्यासाठी जे जुने सॉफ्टवेअर वापरत होतो, त्याचाच तो फिल्टर ड्रायव्हर होता. विंडोज आणि डीव्हीडी ड्राइव्ह यांच्या मधे तो बसलेला असे आणि येणारी-जाणारी प्रत्येक मागणी त्याच्या हातून जाई. विंडोज ७ वर त्याने कधी त्रास दिला नव्हता. आम्ही विंडोज १० वर आलो आणि त्याच्या चुका उघड्या पडल्या. चांगली डिस्क असली की निभे. ओरखडा आला, ड्राइव्हने उत्तर द्यायला उशीर केला किंवा चूक कळवली, की तो कोलमडे आणि सोबत विंडोजलाही नेई. फॉरमॅट केल्यावर दुखणे आठ दिवसांनी का परते, हेही उलगडले. तेच सॉफ्टवेअर आम्हीच, आमच्याच कपाटातल्या सीडीवरून, दर वेळी पुन्हा घालत होतो. दोष कुठून येतो हे कळेपर्यंत आम्ही तो स्वतःच्या हातांनी परत आणत होतो, हे मी इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणी तरी फॉरमॅटच्या आधी स्वतःचे कपाट तपासेल.

सॉफ्टवेअर काढल्यावरही रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग ठेवते त्या साठ्यातल्या, सीडी-रॉमच्या विभागात 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' या नोंदींत त्याचे नाव मागे राहिले होते. ते काढण्याआधी तुम्ही रिस्टोअर पॉइंट (काही बिघडलेच तर परत येण्याची जागा) केलात, तो विभाग वेगळ्या फाइलमध्ये साठवलात आणि मुलाला बजावलेत की अगदी तसाच दिसणारा हार्ड डिस्कचा विभागही तिथेच असतो. चुकून त्यातली नोंद उडवली तर विंडोज सुरूच होणार नाही. दोन्ही विभागांची लांबलचक नावे तुम्ही त्याच्याकडून वहीत उतरवून घेतलीत आणि दोनदा ताडून पाहिलीत. मला वाटते, त्या मुलाला तुम्ही दिलेले खरे शिक्षण ते ताडून पाहणे होते. आता तो ग्राहकाचे नाव आणि डिस्कवरचा क्रमांकही तसाच ताडतो.

पैशांचा विषय मी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तुम्ही चहावर भागवलेत. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे यंत्रांची देखभाल केल्यानंतर बिघडलेले यंत्र समोर दिसले की उठून जाता येत नाही, असे तुम्ही म्हणालात. काका, तुमचा तो वेळ किती मोलाचा होता हे मला ठाऊक आहे. सिन्नरच्या ताई पेन ड्राइव्ह घ्यायला आल्या, कानाला हेडफोन लावून काउंटरपाशीच उभ्या राहिल्या आणि मंगलाष्टके संपेपर्यंत हलल्या नाहीत. त्यांनी तुमचे नाव विचारले; तुमच्या परवानगीशिवाय मी ते दिले नाही, पण त्यांचा नमस्कार मात्र या पत्रातून पोचवते आहे.

वही अजून काउंटरखाली आहे. त्या रविवारनंतर तिच्यात निळ्या पडद्याची एकही नोंद झालेली नाही. परत केलेल्या त्या दोन ग्राहकांना मी निरोप पाठवला होता. एकांची डिस्क पूर्ण उतरली, दुसऱ्यांची पुढच्या आठवड्यात येते आहे. विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे नवा संगणक घेणे आता टळणार नाही. आमच्या कामाला डीव्हीडी ड्राइव्ह लागतोच आणि हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो बसवायला जागाच नसते, म्हणून खरेदीला जाताना तुम्ही सोबत असावे, एवढी एक विनंती आहे. तुमच्या सवडीचा दिवस कळवा, एम. जी. रोडला आपण सकाळीच जाऊ. तुमच्या फोटोंच्या जादा प्रतीही पाकिटात घालून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
नाशिकरोडच्या स्टुडिओतील ताई