मझुझा कुठे ठेवलास?

ठाणे,
गुरुवार, रात्रीचे अकरा

प्रिय नोमी,

शालोम. तुला, एलीला आणि दानीला खूप आशीर्वाद.

मंगळवारी फोनवर तू सांगितलंस तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले. तू घाईत होतीस, दानीचा एक मोजा सापडत नव्हता, आणि मला दुसरा शब्दच सुचला नाही. फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले ती दूध उतू जाईपर्यंत. पुन्हा फोन केला तर माझा आवाज चढेल आणि तू गप्प होशील, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या लंडनच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या त्या म्हाताऱ्या बाईंच्या दारावर कुणी घाणेरडं लिहून गेलं आणि त्याच रात्री, आपण ज्यू आहोत हे दारावरून कळू नये म्हणून, तू आपल्या चौकटीवरचा मझुझा, प्रार्थनेची गुंडाळी असलेली ती लाकडी डबी, काढलास. बरोबर केलंस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे मी काहीही बोलले तरी तुला इथे परत येऊन हे वाचता येईल. घरात चार वर्षांचं पोर आहे. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पपांना सांगितलेलं नाही. काल व्हिडिओवर दानी जिन्यातून आत धावत आला तेव्हा चौकटीवर दोन भोकं आणि मधे फिकट पट्टा दिसला. पपांनी चष्मा वर सरकवला आणि "रंगकाम काढलंय का?" म्हणून मला विचारलं. मी हो म्हणाले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. मझुझाचं लाकूड रेवदंड्याच्या घराच्या चौकटीचं आहे, तुला माहीत आहे. घर पाडलं तेव्हा आत्याने सगळं सागवान विकून टाकलं, पपांनी वीतभर तुकडा तेवढा मागून आणला. त्यातलं जुन्या खिळ्याचं काळं भोक मुद्दाम तसंच ठेवलं. तुझ्या लग्नाआधी पंधरा दिवस गॅलरीत बसून आतली पोकळी कोरत होते. पटाशी निसटून अंगठा कापला, त्याची खूण अजून आहे.

तू काढलास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त कुठे ठेवलास ते तू सांगितलं नाहीस.

मला दोन दिवस सारखं अ‍ॅबरडोवी आठवतंय. गेल्या जूनमध्ये तू आम्हाला वेल्सला नेलंस तेव्हाचं. पेनहेलिगच्या बागेपर्यंतचा तो चढ, पपांचे गुडघे, खाली ओहोटी लागलेलं पाणी. पपा म्हणाले, अगदी रेवदंड्याची खाडी. आणि मग तो दगड. पपांनी ओळीखाली बोट धरून वाचला, पेपर वाचतात तसा. १९४२-४३ मध्ये इथे खास कामगिरीचं शिक्षण घेतलेल्या तीन नंबर ट्रूपचे सैनिक, गावाने त्यांना मायेने वागवलं, वीस जण लढाईत पडले. तू मोबाइलवर बघून म्हणालीस, पपा, ही जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेली ज्यू मुलं होती. पपांनी दगड पुन्हा पहिल्यापासून वाचला. "मग तसं इथे का नाही लिहिलं?" तेवढ्यात दानीचं आइस्क्रीम शर्टावर सांडलं आणि ते तिथेच राहिलं.

पस्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध दर वर्षी शिकवलं आणि या मुलांबद्दल मला एक ओळ माहीत नव्हती. परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. ८७ जण होते. ब्रिटिशांच्या दहा नंबरच्या कमांडोतली तीन नंबरची तुकडी, तिलाच एक्स ट्रूप म्हणायचे. तुझ्या ऑफिसजवळ लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर पेट्या घेतलेल्या मुलांचे पुतळे आहेत ना, तू पहिल्याच आठवड्यात फोटो पाठवला होतास. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ एवढ्या काळात १०,००० च्या आसपास मुलं आईबापांविना इंग्लंडात आली. त्यातली काही पुढे या ट्रूपमध्ये गेली. पण त्याआधी, १९४० मध्ये, त्याच इंग्लंडने त्यांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून तारेच्या कुंपणात घातलं. हिटलरपासून पळालेल्या पोरांना! आणि दोन-तीन वर्षांनी त्यांच्याच अंगावर कमांडोचा गणवेश, कारण शत्रूची भाषा त्यांच्याइतकी कुणाला येणार? पकडलेल्या जर्मनाला तिथल्या तिथे त्याच्या बोलीत विचारायचं, तोफा कुठे आहेत, सुरुंग कुठे पेरलेत. घरी आईशी बोलायची तीच भाषा.

त्यांना नावं बदलायला लावली. काही मिनिटं दिली फक्त. इंग्रजी नाव निवडा, खोटं जन्मगाव, खोटी शाळा पाठ करा, नवी सही गिरवा, जुनी पत्रं जवळ ठेवू नका. कागदपत्रांत धर्म इंग्लंडच्या चर्चचा. पकडले गेले असते तर ज्यू म्हणूनही मारले असते आणि देशद्रोही म्हणूनही, शिवाय मागे राहिलेल्या घरच्यांचे हाल. तेव्हा लपवणं म्हणजे भित्रेपणा नव्हता, हे मला कळतं. लपवलं म्हणून लढता आलं. मी हे तुझ्या बाजूने लिहिते आहे, नोमी.

पण वीस जण मेले तेव्हा काय झालं बघ. त्यांतल्या कितीतरी जणांना खोट्या नावाने, क्रूसाखाली पुरलं. पुढे कुणी मागे लागून काही दगडांवर दावीदाचा तारा कोरून घेतला, पण त्याला किती वर्षं गेली. एकदा दाराआड गेलेली गोष्ट आपणहून बाहेर येत नाही. तू म्हणतेस थोडे दिवस. थोडे दिवस म्हणून माळ्यावर ठेवलेलं आपण काय काय विसरतो, आणि दानी आत्ताच विचारायच्या वयात आहे, त्याने दारातून जाताना मझुझाला शिवायला हात वर केला आणि तिथे काही नसलं तर

बघ, लागले शिकवायला. एली म्हणतो तसा माझा वर्ग सुटतच नाही. माफ कर. हे खोडलं तरी तुला दिसेल, म्हणून राहू देते.

एक सांगायचं राहिलंय. शाळेत लागले त्या पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये एका बाईंनी विचारलं, "रिबका म्हणजे तुम्ही ख्रिश्चन ना?" मी हो म्हणाले. कुठे समजावत बसायचं, आपण बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. तेवढ्यात तास व्हायचा. त्या बाई त्यानंतर अकरा वर्षं दर नाताळला माझ्यासाठी घरचा केक आणायच्या आणि मी तो घ्यायचे. निवृत्तीच्या दिवशीही खरं सांगितलं नाही. तुझ्या दारावर निदान भीती आली होती. मला कुणाची भीती नव्हती. या मातीत आपल्यावर कुणी आपण कोण आहोत म्हणून हात उगारला नाही, दोन हजार वर्षं म्हण. २००८ च्या नोव्हेंबरातल्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सिनेगॉगच्या दाराशी पोलीस बसायला लागले, तोवर मला त्या दाराला कुलूप असतं हेसुद्धा कधी जाणवलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले. तेव्हा मी तुला कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि आपल्या लोकांनीही नावं बदललीच की. शमुवेलचा समाजी झाला, इसहाकचा ईसाजी, आणि गावाच्या नावापुढे कर. हिब्रू विसरले, पुस्तकं नव्हती. शनिवारी घाणा बंद ठेवायचा एवढं विसरले नाहीत, आणि शेमा, ती एवढी एक प्रार्थना. सुंता असो, लग्न असो, मयत असो, येत होतं तेवढं म्हणायचे, शेमा इस्राएल. मझुझाच्या पोकळीत गुंडाळून ठेवलेलं तेच आहे. तू सहा वर्षांची असताना पपांच्या खांद्यावर बसून विचारलं होतंस, "आत कागद आहे का किडा?" पपांनी तुला इथल्या दारावरचा उघडून दाखवला होता, तुझ्या हाताला रव्याच्या लाडवाचं तूप, आणि मी ओरडले होते.

त्या ट्रूपमधला एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. मॅनफ्रेड गान्स. हॉलंडच्या सीमेजवळचं, जर्मनीतलं बोर्केन गाव, आईबाप, तीन मुलगे. सोळाव्या वर्षी, १९३८ मध्ये, त्याला इंग्लंडला पाठवलं. एक्स ट्रूपमध्ये तो झाला फ्रेड ग्रे. ग निवडला, बघ, आद्याक्षर सोडवलं नाही त्याच्याने. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, मग हॉलंडमध्ये लढला. आईबाप हॉलंडला पळाले होते, लपले, सापडले, एका छावणीतून दुसरीत गेले. मे १९४५ मध्ये युद्ध संपलं न संपलं तोच हा एक जीप आणि एक ड्रायव्हर घेऊन निघाला, मोडलेल्या जर्मनीतून आरपार, चेकोस्लोव्हाकियात तेरेझीनच्या छावणीपर्यंत. तिथे आत जाऊन नोंदवही बघायला लावली. त्या वहीत ग्रे कुठून असणार? तिथे गान्स विचारावं लागलं. आणि दोघं होती, नोमी. जिवंत होती, दोघंही. इतकी खंगलेली की बापाला बघून पटकन ओळख पटली नाही.

हे मी तीनदा वाचलं आणि तीनदा त्या वहीपाशी थांबले. ती आई सात वर्षं कुठल्या नावाने हाक मारत असेल मनात? तिला तर फ्रेड ग्रे कोण हेही ठाऊक नव्हतं. पुढे तो अमेरिकेत गेला, केमिकल इंजिनियर झाला, गान्स म्हणूनच जगला. त्याच्या कितीतरी सोबत्यांनी नवी नावं जन्मभर ठेवली, आणि त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. कोण परत येणार होतं त्यांना जुन्या नावाने हाक मारायला?

एलीने मला वेगळा फोन केला होता, रागावू नकोस. तो म्हणाला, मझुझा काढण्याआधी तू खाली गेलीस, बादली आणि तारेचा ब्रश घेऊन त्या बाईंचं दार दोन तास घासलंस, आणि त्या रडत होत्या तर त्यांना चहा करून देऊन मग वर आलीस. मला हे तू सांगितलं नाहीस. रात्री बारा वाजता त्या जिन्यात एकटी. मी पपांना तेवढं सांगितलं, दाराचं नाही, फक्त शेजारणीला मदत केली म्हणून. ते म्हणाले, "पोरगी आजीवर गेली." पण पुन्हा अशी एकटी जाऊ नकोस. एलीला उठवत जा. अंधारात कोण थांबलं असेल काय माहीत. पाहिजे तर दानीला घेऊन इकडे या, नव्याच्या सणाला, तिकिटाचं पपा बघतील. नोकरीचं तुझं तू बघ, मी बोलणार नाही.

शेजारच्या वहिनींची भाची पुढच्या शुक्रवारी लंडनला येते आहे. तिच्याबरोबर चिकाचा हलवा पाठवते. गहू भिजत घातलेत, नारळ उद्या खवेन. तिच्याकडे किलोभराचीच जागा आहे, त्यामुळे या वेळी लोणचं नाही. दानीच्या वाटणीचा डबा वेगळा आहे, निळ्या झाकणाचा.

नोमी, आतली गुंडाळी निघाली नाही ना, ते बघ. स्क्रू काढताना लाकडाला चीर गेली असेल तरी पपांना सांगू नकोस, मला सांग. स्वयंपाकघरात ठेवू नकोस, वाफ लागते. कोरड्या सुती कापडात गुंडाळ. आणि कुठल्या खोलीत, कुठल्या खणात ठेवलास, तेवढं मला कळव.

तुझी,
आई