सूचना : बुधवारी माहीमला एकत्र जायचे आहे

सभासद बंधुभगिनींनो,

येत्या बुधवारी संध्याकाळी सहाला माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या दारात जमू. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मातेची खास प्रार्थना, होते. आपल्यातल्या काहींना सध्या रिपोर्टची, नोकरीची धास्ती आहे, झोप लागत नाही. त्यांनी तिथली नित्य साहाय्य मातेची, म्हणजे मरियेची, तसबीर नीट पाहावी. देवदूतांच्या हातातला क्रूस अन् भाला, म्हणजे पुढच्या यातनांची चिन्हे, पाहून बाळ येशू घाबरून आईकडे धावलाय. तिचा हात घट्ट धरलाय, एका पायातली चप्पल लोंबतेय. मग आपण घाबरलो म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे कुणी मनात आणू नये. भीतीसकट या. स्टेशनचा जिना चढवत नसेल तर मंगळवारपर्यंत कळवा, सोबत देऊ. जपमाळ आणि घरच्या आजाऱ्यांच्या नावांची चिठ्ठी आणा.