येळवसला लॅपटॉप घेऊन बसलेल्या काकांना

आदरणीय काका,

शि. सा. नमस्कार वि. वि.

माझ्या बाजारभावाच्या साईटला नवी जागा शोधून ती तिकडं हलवायला तुम्ही मदत केलीत, आणि त्याबद्दल दिलेलं पैशांचं पाकीट दोनदा परत केलंत. दुसऱ्या वेळी तर मी ते काकूंच्या हातात दिलं होतं, आणि संध्याकाळी ते आमच्याच दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीत सापडलं. वर तुमचा निरोप : "द्यायचंच असलं तर लिहून दे सगळं. तुझ्यासारखी बरीच लेकरं साईट काढूलालेत, कुणाच्या तरी कामाला येईल." म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितोय. कुठं चुकलो असेन तर ओट्यावर बोलवा आणि कान धरा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. माझे वडील लातूरच्या आडत बाजारात तीस वर्षं मुनीम होते. ते घरी येऊन पाय धुतात न धुतात तोच फोन सुरू व्हायचे, आज सोयाबीन काय निघालं, तूर काय निघाली. २०१९ मध्ये मी हेच भाव व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. ग्रुप भरले, दुसरे काढले, तेही भरले. मग वर्डप्रेसवर साईट काढली : लातूरचं सोयाबीन आणि तूर, हिंगोलीची हळद, जालन्याची मोसंबी. होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा, घेतलं ते सगळ्यात स्वस्त. जाहिरातीत 'अनलिमिटेड' असं लिहिलेलं होतं, आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला न संपणाऱ्या वस्तूचं अप्रूप असणारच.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. मग ऑगस्टमध्ये केंद्रानं पेंडीच्या आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल यायला लागला आणि भाव घसरत गेले. भाव चढत असतो तेव्हा लोक दिवसातून एकदा बघतात. घसरायला लागला की दर दहा मिनिटांनी बघतात, जणू बघितल्यानं तो थांबणार आहे. आमची साईट बरोबर त्याच दिवसांत रोज दुपारी आडवी व्हायची. पडद्यावर ५०८ आकडा आणि खाली 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. कंपनीला तक्रार टाकली दुपारी, उत्तर आलं रात्री दोनला, आणि त्यात एवढंच की मोठा प्लॅन घ्या. घेतला. दोन दिवसांनी साईट पुन्हा आडवी.

त्या रात्री तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, "काय करूलालास रे एवढ्या रात्री? लाईट चालूच दिसूलालीय." तोवर मला तुम्ही म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सकाळी जास्वंद तोडणारे काका, एवढेच ठाऊक होतात. सी-डॉट या सरकारी संस्थेनं तयार केलेल्या टेलिफोन एक्स्चेंजवर तुम्ही आयुष्य काढलंय आणि निवृत्तीनंतर घरी बसून लिनक्स शिकलाय, हे शेजारी राहूनही कळलं नव्हतं.

मी मोठ्या अभिमानानं सांगायला लागलो की महिन्याला दोन लाख वेळा साईट उघडली जाते. तुम्ही हात वर करून थांबवलंत. "महिन्याचं मला काय सांगतोस? लातूरला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. म्हणून २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायचं राहिलं का? तुझा बिझी अवर कोणता ते सांग."

बिझी अवर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एक्स्चेंज बांधताना दिवसभरात एकूण किती फोन होतात हे कुणी बघत नाही, सगळ्यात गर्दीच्या तासात एकाच वेळी किती लाईनी अडकतात ते बघतात, असं तुम्ही समजावलंत. त्या मापाला अर्लांग म्हणतात, डेन्मार्कच्या एका गणितज्ञाच्या नावावरून. मग तुम्ही एसटीडीच्या दिवसांत शिरलात. रात्री अकराला पाव दर सुरू व्हायचा, बूथवर रांग लागलेली असायची, आणि अकराच्या ठोक्याला सगळं लातूर एकदम पुण्या-मुंबईला फोन लावायचं. "दिवसभर एक्स्चेंज झोपलेलं असायचं. पण आमची परीक्षा अकरा ते बाराच."

मग काळ्या पडद्यावर तुम्ही एक ओळ टाईप केलीत आणि आठवड्याचा लॉग, म्हणजे साईट कधी कधी उघडली गेली याची नोंद, तासातासानं मोजून पुढ्यात ठेवलात. आम्ही भाव टाकतो तीनला. तीन ते चार या एका तासात दिवसाची जवळजवळ निम्मी गर्दी होती. रात्री नऊ ते पहाटे सहा जवळपास शून्य. 'अनलिमिटेड' म्हणजे काय तेही तेव्हाच उलगडलं. जागा आणि महिन्याचा डेटा भरपूर, पण एका क्षणी किती जणांना आत घ्यायचं, प्रोसेसर किती वापरू द्यायचा, फाईली किती ठेवू द्यायच्या, याला अटींच्या पानावर खाली बारीक अक्षरात मर्यादा होतीच. वाड्यात भाडेकरू पंचवीस आणि बोअर एक, हे तुमचं शेअर्ड होस्टिंगचं (एकाच मशीनवर अनेकांच्या साईटी) वर्णन मी आता सगळ्यांना ऐकवतो.

मला वाटलं आता तुम्ही महागडा सर्व्हर घ्यायला लावणार. तुम्ही उलट म्हणालात, आधी गळकी घागर बुजव, मग टँकर बोलव. भाव दिवसातून एकदा बदलतो, आणि आमची साईट मात्र पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी डेटाबेसमध्ये जाऊन तोच भाव पुन्हा शोधून आणत होती. "बाजार समितीत भाव फळ्यावर लिहितात का प्रत्येकाच्या कानात सांगतात?" तो फळा म्हणजे कॅश (cache), एकदा तयार केलेल्या पानाची साठवून ठेवलेली प्रत. एका दुपारी ती बसवली, दोन-दोन एमबीचे हळदीचे फोटो बारीक केले, आणि जुन्याच होस्टिंगवर साईट तीन ते चार तग धरायला लागली. अडखळत, पण उभी. हे काम मी आधी केलं असतं तर त्या मोठ्या प्लॅनचे पैसे वाचले असते. ही गोष्ट तुम्ही पुन्हा कधी काढली नाहीत, त्याचेही आभार.

तरी नवी जागा लागणारच होती, कारण साईट बघणारी गावं वाढत होती. तुम्ही कालनिर्णयाच्या मागच्या पानावर कंपन्यांची नावं लिहीत आणि खोडत गेलात. ९९.९ टक्के चालू राहण्याची हमी बघून मी खूश झालो होतो. तुम्ही पेन्सिलीनं गणित मांडलंत : तीस दिवसांची ४३,२०० मिनिटं, त्यातला हजारावा भाग ४३ मिनिटं. "ही ४३ मिनिटं रात्री तीनला गेली तर कुत्रं विचारत नाही. दुपारी तीनला गेली तर?" आणि हमी मोडली तरी भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट मिळते, तुझ्या शेतकऱ्याचा भाव हुकला त्याचं काही मिळत नाही, हेही सांगितलंत. किमतीवर फार वेळ गेला नाही. पहिल्या वर्षाचा भाव खोडून नूतनीकरणाचा भाव लिहायचा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरायचा, आणि मगच तुलना करायची. तेवढ्यानं निम्मी यादी गळाली. सर्व्हर अमेरिकेत असलेल्या दोघांवरही काट मारलीत. आमची सगळी गिऱ्हाइकं मराठवाड्यात, तर मुंबईतली मशीन सोडून प्रत्येक विनंती समुद्रापलीकडं कशाला पाठवायची?

उरले तीन. त्यांची परीक्षा तुम्ही जशी घेतलीत तशी घ्यायचं मला जन्मात सुचलं नसतं. पैसे भरायच्या आधी, रात्री दीड वाजता, तिघांनाही एकच प्रश्न पाठवलात : माझा बॅकअप कुठल्या शहरात ठेवता आणि तो माझ्या हातानं परत कसा आणायचा? एकानं लगेच खरेदीची लिंक धाडली. दुसऱ्याचं उत्तर सकाळी दहाला आलं. तिसऱ्याकडून वीस मिनिटांत कुणीतरी लिहिलं की सात दिवसांच्या प्रती असतात, सर्व्हरच्या शहराबाहेर असतात, पॅनेलमधून डेटाबेस वेगळा उतरवता येतो, पण तुमची एक प्रत तुम्ही स्वतःकडं ठेवाच. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "हा मशीनला हात लावणारा माणूस दिसतो." कंपनी ठरली ती त्या चार ओळींवर. नाव इथं लिहीत नाही. तुमचंच म्हणणं की कंपन्या विकल्या जातात, पाटी तीच राहते आणि आतली माणसं बदलतात. ज्याला घ्यायचंय त्यानं आपली आपण रात्री दीडला परीक्षा घ्यावी.

बॅकअपबद्दल तुम्ही एवढे हट्टी का, ते मला नंतर कळलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तात्पुरते फोन जोडायला तुम्हाला तिकडं पाठवलं होतं. त्याबद्दल तुम्ही फारसं बोलत नाही. एवढंच म्हणालात की एका छपराखाली ठेवलेल्या दोन वस्तू ही एकच वस्तू असते. मग फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं दाखवलंत. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या कितीतरी जणांचं दोन्हीही गेलं. लगोलग माझा जुना बॅकअप उघडायला लावलात. तो अर्धाच निघाला. फाईल मोठी झाल्यापासून मध्येच तुटत होता, आणि तसं सांगणारे ईमेल मी कधीच न उघडणाऱ्या पत्त्यावर महिनोन्महिने येऊन पडत होते. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

आणि डोमेन, म्हणजे साईटचं नाव-पत्ता! ते निघालं साईट बनवून देणाऱ्या मित्राच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर, आणि तो कधीचाच पुण्याला गेलेला. "सातबारा त्याच्या नावावर आणि पेरणी तुझी?" एवढ्या एका वाक्यानं मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो. मित्र भला, त्यानं तासाभरात नाव बदलून दिलं. होस्टिंग एकाकडं आणि डोमेन दुसरीकडं ठेवायचं, म्हणजे भांडण झालं तर पत्ता आपल्या हातात राहतो, हेही तुमचंच.

मशीन कशी घ्यायची यावर मात्र आपलं वाजलं. मला पूर्ण ताबा हवा होता, स्वस्तही पडत होतं. तुम्ही विचारलंत, स्वतः नांगर धरणार का सालगडी ठेवणार? रात्री सिक्युरिटीचा अपडेट आला तर उठणारेस का? मी गप्प. मग कंपनीच सांभाळेल असा व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता राखून ठेवलेला भाग) घेतला, दोन कोर, चार जीबी रॅम, सुरुवातीला वर्षाचा न घेता एकेका महिन्याचा. अजूनही मला तो थोडा महाग वाटतो. पण त्यानंतर मी झोपतो.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायचं होतं तिथं येतो. साईट हलवायची कधी, यावर तुम्ही पंचांग काढलंत. मी हसलो. तुम्ही बोट ठेवलंत वेळ अमावस्येवर, म्हणजे आपल्या येळवसवर, २ जानेवारी २०२२, त्यात रविवार. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की येळवसला लातूर आणि धाराशिवकडं सगळं गाव शेतात जातं, रस्त्यावर संचारबंदी लागल्यासारखं होतं. बाजार बंद, भाव नाही, तीन ते चारची गर्दी नाही. एक्स्चेंजची जोडणी बदलतात ती अशाच वेळी, म्हणालात. आधल्या दिवशीच डीएनएसचा (साईट कुठल्या मशीनवर आहे ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवला, म्हणजे नवा पत्ता लोकांपर्यंत पाच मिनिटांत पोचावा.

गल्लीतली सगळी घरं टोपल्या घेऊन निघाली. काकू आमच्या आईबरोबर पुढं गेल्या. आणि तुम्ही, ज्यांची एकाही वर्षी येळवस चुकत नाही, आमच्या पुढच्या खोलीत चटईवर मांडी घालून बसलात. सकाळी आठपासून फाईली, डेटाबेस, एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र), मग जुनं नि नवं शेजारी ठेवून एकेक पान ताडून बघणं. तुरीच्या पानावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही शांतपणे डेटाबेसची अक्षरसंच-जोडणी तपासलीत, पुन्हा भरायला लावलंत. जुनं होस्टिंग लगेच बंद करू दिलं नाहीत, आठवडाभर तसंच ठेवायला सांगितलंत.

शेतात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. कोपीतली पूजा झालेली, लोकांची जेवणं उरकलेली. काकूंनी आपल्या दोघांसाठी भज्जी आणि उंडे झाकून ठेवले होते, आंबील तेवढी कोमट झाली होती. तुम्ही हात धुवायच्या आधी खिशातून तो जुना फोन काढलात, कडब्याच्या कोपीत रेंजची एकच कांडी, आणि साईट उघडलीत. ती उघडली. तुम्ही फोन खिशात ठेवलात आणि म्हणालात, "वाढ."

त्यानंतरचे सोयाबीनचे हंगाम बिनबोभाट गेले असं म्हणणार नाही. एकदा भर दुपारी बारा मिनिटं साईट बंद होती. पण मी तक्रार लिहायच्या आधीच होस्टिंग कंपनीचा निरोप आला होता, काय तुटलं आणि कधी जोडणार याचा. रोज दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी लॉगमध्ये एक जुना फोन अजून दिसतो. तो कुणाचा आहे ते मला माहीत आहे. तुमच्याकडं ना सोयाबीन, ना तूर.

यंदाच्या येळवसला लॅपटॉप घरीच ठेवणार आहे. काकूंना घेऊन सकाळीच निघा, मी गाडी घेऊन दाराशी येतो. आंबील गार असताना प्यायला हवी.

आपला,
कुंपणापलीकडचा