उत्तर मला देऊ द्या

ऐरोली, नवी मुंबई

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

संदीपदादाच्या लग्नाला मी शनिवारी साताऱ्याला पोचते. आई, परवा फोनवर म्हणालीस, "ब्लाउज लांब बाह्यांचा शिव, पदर मानेवरून घे, म्हणजे दिसायचं नाही." ब्लाउज कोपरापर्यंतच शिवलाय. का, ते लिहिते.

गॅसचा भडका उडाल्यानंतर तुम्ही माझं किती केलंत! व्रण दाबून ठेवणारं ते घट्ट प्रेशर गारमेंट दिवसाचे 23 तास घालायचं, रात्रभर खाज, आणि आई तू उशाशी बसून. कातडी आखडू नये म्हणून मान ताणायचे व्यायाम बाबा माझ्याबरोबर स्वतः करायचे. व्रण मऊ पडायला दीड-दोन वर्षं लागतात, तशी लागलीही.

मनाला त्याहून जास्त लागली. लायटरचा खटका ऐकला तरी छातीत धडधडायचं. समुपदेशक मॅडमनी सावकाश सवय करून घेतली: आधी नुसता लायटर हातात, मग दुसरं कुणी गॅस पेटवताना शेजारी उभं राहायचं. आता चहा मीच करते. त्यांनी सांगितलेलं एक तुम्हालाही कळायला हवं. किती टक्के भाजलं, एवढ्यावरून माणूस मनाने कसा सावरेल हे ठरत नाही. थोडं भाजलेलं कुणी वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाही, खूप भाजलेलं कुणी कॉलेजला जाऊ लागतं. घरचे कसे वागतात, याने फार फरक पडतो. आणि लपवत राहिलं की भीती वाढते.

म्हणून मी एक वाक्य घोटून ठेवलंय: "गॅसने भाजलं होतं, आता बरी आहे." समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं आणि दुसरा विषय काढायचा. ठाण्याच्या लोकलमध्ये, तलावपाळीला, सगळीकडे चालतं. लहान मुलं तर सरळ विचारतात, "ताई, दुखतं का?" मला ते आवडतं.

गावाकडे मात्र लोक मला सोडून तुम्हाला विचारतात आणि तुम्ही आवाज खाली करून सांगता. त्या खालच्या आवाजाचा मला व्रणांपेक्षा जास्त त्रास होतो. या वेळी "तिलाच विचारा" एवढंच म्हणा. बाबा, फोटोत मला मागे उभं करू नका. आई, रडू आलं तर माझ्यासमोर रड, स्वयंपाकघरात जाऊन नको. माझ्या लग्नाचं काकू काढतीलच, त्यांच्याशी मी बोलेन.

बाबांच्या शुगरच्या गोळ्या इथूनच आणते.

तुमची,
मनू